सर्वांत आधी जागं होतं ते आतडं

पोटाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाला सकाळच्या राउंडला एक प्रश्न ठरलेला असे, "वारा सरला का?" शिकाऊ डॉक्टर असताना मी तो असंख्य वेळा विचारला आहे. उत्तर 'नाही' आलं की त्या दिवशीही तोंडाला कुलूप, फक्त सलाईन. नातेवाईक काकुळतीनं म्हणत, "डॉक्टर, नुसत्या पाण्यावर जखम भरणार कशी?" आम्ही हसून पुढे जात असू. खरं तर हाच प्रश्न मोठमोठ्या सर्जनना शंभराहून अधिक वर्षं छळत होता.

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी जठराचा कॅन्सर झालेला भाग काढून उरलेलं जठर लहान आतड्याला जोडलं. अशा शस्त्रक्रियेतून रुग्ण बचावण्याची ही पहिलीच वेळ. पण खायला द्यावं तर ताजे टाके उसवण्याची भीती. न द्यावं तर उपासमार. तेव्हाचा उपाय म्हणजे गुदद्वारातून पोषक द्रव देणं. त्याच वर्षी गोळी लागलेले अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांनाही तो दिला गेला, तरी ते खंगतच गेले. मोठं आतडं पाणी आणि क्षार शोषतं. अन्न पचवणं हे त्याचं काम नव्हे.

नळीची कल्पना जुनीच. लंडनच्या जॉन हंटर यांनी १७९० मध्ये गिळता न येणाऱ्या रुग्णाला ईल माशाच्या कातडीच्या नळीतून जठरात अन्न पोचवलं होतं. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅक्स आइनहॉर्न यांनी टोकाला वजन लावलेली नळी जठराच्याही पुढे, लहान आतड्यात नेली. १९१८ मध्ये अँड्रेसन या अमेरिकन डॉक्टरांनी जठर-आतडं जोडून होताच नळीतून अन्न सुरू केलं. १९३७ मध्ये अ‍ॅबट आणि रॉसन यांची दुहेरी नळी आली. एका पोकळीतून जठरात साठलेला द्रव ओढून घ्यायचा, दुसरीतून पुढे आतड्यात अन्न सोडायचं.

हे का जमलं? ऑपरेशननंतर सगळं पोट एकाच वेळी जागं होत नाही. जठर एक-दोन दिवस सुस्त असतं, मोठं आतडं दोन-तीन दिवस. लहान आतडं मात्र काही तासांतच हालचाल सुरू करतं. वारा सरणं ही मोठ्या आतड्याची खबर. म्हणजे सर्वांत उशिरा उठणाऱ्याची वाट पाहत आम्ही पहाटे उठून बसलेल्याला उपाशी ठेवत होतो!

आता जठराच्या ऑपरेशननंतरही अनेक रुग्णांना दुसऱ्याच दिवशी तोंडानं थोडं थोडं देतात. ज्यांना ते शक्य नाही, त्यांच्यासाठी आतड्यातली नळी आहेच. त्या नातेवाइकांना मी तेव्हा नीट उत्तर दिलं नव्हतं. ते आज देतो आहे: तुमचं बरोबर होतं. नुसत्या पाण्यावर जखम भरत नाही.