ॲम्बॅसेडर व्हायचं कॉलेज

"काका, ॲम्बॅसेडर व्हायला कोणत्या कॉलेजात ॲडमिशन घ्यायची?"

दिवाळीत चोपड्याला गेलो होतो, तेव्हा चुलतभावाच्या मुलानं हा प्रश्न टाकला. आमच्या पिढीला ॲम्बॅसेडर म्हटलं की आधी गाडीच आठवते, पण पोरगा सीरियस होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी सवयीनं बोलून गेलो, "कॉलेज वगैरे काही नसतं रे, यूपीएससी द्यायची." तो म्हणाला, "ते माहितीये. पण त्याच्या आधी?"

या "त्याच्या आधी"नं माझे दोन विकेंड खाल्ले. तर मंडळी, जे वाचलं ते इथे मांडतो.

अमेरिकेत या प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं. तिथल्या परराष्ट्र खात्यात ठरावीक घरांतली, ठरावीक विद्यापीठांतलीच माणसं दिसतात, अशी जुनी तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून १९९२ मध्ये पिकरिंग आणि २००२ मध्ये रँगेल फेलोशिप सुरू झाली. एम.ए.चा खर्च, उन्हाळ्यात खात्यात आणि परदेशातल्या वकिलातीत इंटर्नशिप, आणि मग थेट परराष्ट्र सेवेत प्रवेश. बदल्यात अट अशी, की किमान पाच वर्षं नोकरी करायची. म्हणजे आपल्या भाषेत बाँड!

आपल्याकडे असं काही होतं का? अगदी असंच नाही, पण आसपासचं बरंच होतं.

१८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी हुशार मुलांना परदेशी शिकायला पाठवण्यासाठी निधी काढला. दान नव्हे, कर्ज; कमवायला लागल्यावर फेडायचं. टाटांच्या इतिहासात नोंद आहे, की १९२४ पर्यंत आयसीएसमध्ये गेलेल्या दर पाच भारतीयांपैकी दोन जण या निधीवर शिकलेले होते. हाच निधी घेऊन १९४५ मध्ये केरळातला एक दलित मुलगा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पोचला. लहानपणी मैलोन्मैल चालत शाळेत जाणारा, फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभा राहिलेला. परत येताना त्याच्याजवळ प्रोफेसर हॅरॉल्ड लास्की यांनी नेहरूंना लिहिलेलं पत्र होतं. १९४९ मध्ये तो परराष्ट्र सेवेत गेला, पुढे चीन आणि अमेरिकेत राजदूत झाला आणि १९९७ मध्ये राष्ट्रपती. के. आर. नारायणन!

ही गोष्ट आपण "जिद्द असली की सगळं होतं" म्हणून सांगतो. मला मात्र त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात: पैसा आणि पत्र. नुसता निधी असता तर लंडनची डिग्री मिळाली असती. दिल्लीचं दार उघडायला पत्र लागलं.

पैसा आहे पण दार बंद, म्हणजे काय होतं? त्याचंही उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. करार होता, की परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची. पिकरिंगच्या ऐंशीएक वर्षं आधीचा बाँड! १९१७ मध्ये ते ठरल्याप्रमाणे बडोद्यात हजर झाले, आणि अख्ख्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्यांना बडोदा सोडावं लागलं. शिष्यवृत्ती देणारा राजा पुरोगामी होता, डिग्री जगातल्या उत्तम विद्यापीठाची होती. अडलं ते खोलीपाशी.

स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र सेवेचा निर्णय ऑक्टोबर १९४६ चा. सुरुवातीच्या तुकड्यांतल्या काही अधिकाऱ्यांना सरकारनं ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकायला पाठवलं होतं. १९८६ मध्ये दिल्लीत स्वतःची प्रशिक्षण संस्था निघाली. शिवाय प्रत्येक अधिकाऱ्याला एक परकी भाषा सरकारी खर्चानं शिकवतात. म्हणजे बघा, फेलोशिप आपल्याकडेही आहे, फक्त ती निवड झाल्यानंतर मिळते. अमेरिकेची परीक्षेच्या अलीकडे, आपली पलीकडे. अलीकडचा खर्च ज्याचा त्यानं करायचा.

अलीकडच्या बाजूला काहीच झालं नाही असंही नाही. कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येऊ लागली. ही माझ्या मते सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती, पैसे न देता दिलेली. त्याआधी, १९७६ मध्ये, महाराष्ट्र सरकारनं मुंबईत प्रशासकीय परीक्षांच्या तयारीसाठी संस्था काढली. प्रवेश परीक्षा द्यायची. निवड झाली की मार्गदर्शन, हॉस्टेल आणि विद्यावेतन. चोपड्याच्या पोराला फेलोशिपच्या सर्वांत जवळचं जे आहे, ते हे. पण जागा मोजक्या.

आणि एक मजेशीर गोष्ट सापडली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये परराष्ट्र सेवेत गेले. टोकियोपासून सुरुवात, पुढे मालदीवमध्ये उच्चायुक्त, न्यूयॉर्कला कॉन्सुल जनरल. त्यांचं 'माती, पंख आणि आकाश' हे आत्मकथन जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात बी.ए.ला लागलं होतं. म्हणजे खान्देशातल्या पोरांनी एका राजदूताच्या गोष्टीवर दहा-दहा मार्कांची उत्तरं लिहिली आहेत! पंखांचा अभ्यासक्रम होता, पण उडायच्या आधीचं वर्ष कोणाच्या जिवावर काढायचं, हा प्रश्न पेपरात नव्हता.

सगळं घरी सांगितलं. चुलतभाऊ शांतपणे म्हणाला, "पुण्यात खोली, मेस, क्लास धरून वर्षाचा हिशेब सांग फक्त." मी सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही. केळीला भाव चांगला मिळाला तर एक वर्ष निघेल. दुसरं नाही. आणि ही परीक्षा एका वर्षात निघते कुठे!

शेवटी मीच म्हणालो, माझ्या फ्लॅटमधली एक खोली तशी रिकामीच असते. तो जूनमध्ये येतोय. आधी त्या मुंबईच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा, असं ठरलंय.

पण ज्याचा काका आयटीत नाही, त्याचं काय? अशी किती पोरं "त्याच्या आधी"लाच थांबत असतील? देशाच्या वतीनं जगाशी कोणी बोलायचं, हे केळीच्या भावावर ठरू नये, एवढंच वाटतं.

असो. कॉफी संपली, उद्या सोमवार :)