ऑफ सीझनमधलं जव्हार

इन्स्टाग्रामवर 'जव्हार' टाकून बघा. दाभोसा धबधबा, धुक्यातला सनसेट पॉइंट आणि खाली 'मिनी महाबळेश्वर'चा हॅशटॅग. जवळपास सगळे फोटो पावसाळ्यातले किंवा पाऊस नुकताच सरलेला असतानाचे. मेमध्ये इथे फिरायला कोणी जात नाही. पण जव्हार-मोखाड्याचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर मेमध्येच जावं असं माझं मत आहे.

मी मेमध्ये गेलो तेव्हा दाभोशाची लेंडी नदी बारीक झाली होती, सागाची पानं गळून डोंगर उघडे पडले होते. पावसाळ्यात हिरवाईखाली झाकलेला काळा कातळ तेव्हा स्पष्ट दिसतो. इथला पेच त्या कातळातच आहे. वर्षाला अडीच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण चार महिन्यांत. उतार तीव्र, माती पातळ, खाली बेसॉल्ट. पाणी मुरायच्या आत वाहून जातं. मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात. मग पाड्यावरच्या बाया तळाशी झिरपणारं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात आणि टँकरची वाट बघतात.

आता थोडं मागे जाऊ. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की 1294 च्या सुमारापर्यंत जव्हार एका वारली प्रमुखाच्या ताब्यात होतं. ते कोळी घराण्याकडे कसं गेलं, याची एक दंतकथा आहे. मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषाने फक्त एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. होकार मिळाल्यावर त्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि अख्खा मुलूख वेढून घेतला. हीच गोष्ट ट्युनिशियातल्या कार्थेज शहराबद्दल, राणी डायडोच्या नावाने हजारो वर्षं सांगितली जाते. म्हणजे हे घडलं असेलच असं नाही. पण ज्याच्या हातात मोजपट्टी, त्याची जमीन, हे लोकांनी फार पूर्वीच ओळखलं होतं एवढं त्यातून कळतं.

पुढे 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानाने नेमशाहाला राजा म्हणून मान्यता दिली. 1664 च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले होते, असं सांगतात. जेमतेम 310 चौरस मैलांचं हे संस्थान सहाशे वर्षं टिकलं आणि 1948 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. राजवाडा आजही उभा आहे. बहुतेक ट्रॅव्हल ब्लॉग इथेच संपतात.

मला मात्र त्यानंतरचा इतिहास जास्त महत्त्वाचा वाटतो. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा मोखाडा तालुक्यातून वाहते. मुंबईसाठी तिच्यावर 1957 मध्ये मोडक सागर झाला, 1973 मध्ये ऊर्ध्व वैतरणा आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. यातलं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ आहे. उंची 102 मीटर. दिवसाला 45.5 कोटी लिटर पाणी मुंबईला मिळावं, यासाठी ते बांधलं. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो.

इंजिनिअर म्हणून याचं तांत्रिक उत्तर मला ठाऊक आहे. धरण दरीत आहे, पाडे वर पठारावर. मुंबईकडे पाणी उताराने जातं. पाड्यावर चढवायचं तर पंप हवेत, पाइपलाइन हवी आणि महिन्याचं वीजबिल कोणीतरी भरायला हवं. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. शंभर मीटर उंचीची भिंत उभारणं आपल्याला अवघड गेलं नाही. पाणी वर चढवण्याचा खर्च कोणाच्या हिशोबात धरायचा, तिथेच घोडं अडलं. कातड्याच्या वाद्यांच्या जागी आता लिटर आले, पण मोजपट्टी अजूनही पाड्यावरच्या माणसाच्या हातात नाही.

आणखी एक. 'ऑफ सीझन' हा शब्द आपला, पर्यटकांचा. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला गेलेली कितीतरी कुटुंबं होळीला गावी येतात. होळीनंतरच्या दिवसांत मोखाडा-जव्हारकडे बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर सोंगं रात्रभर नाचत येतात. पाणी सगळ्यांत कमी असतं त्याच दिवसांत गाव सगळ्यांत जास्त भरलेलं असतं.

तर जायचं असेल तर या दिवसांत जा. राजवाडा बघा, शिरपामाळावर उभे राहा. प्यायचं पाणी घरून भरून न्या. तुम्ही मुंबईत राहत असाल, तर त्या बाटलीतलं थोडं पाणी तरी इथूनच खाली आलेलं असेल.