आधीचं पाणी

१ जानेवारी २००९. पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य कोपऱ्यातलं डिमॉक. तुम्ही कार्टर रोडवर उभे आहात आणि थंडीने नाक बधिर झालंय. आजूबाजूला दुभत्या गाईंचे गोठे, निळसर फरशीच्या खाणी आणि गेल्या दोन-तीन वर्षांत उभे राहिलेले गॅसविहिरींचे मनोरे. एका अंगणातल्या बोअरवरचं जाडजूड काँक्रीटचं झाकण फुटून तुकडे इकडेतिकडे पडलेत. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

बोअर आपल्याकडच्यासारखीच: केसिंग, खाली मोटर. गावात नळयोजना नाही, त्यामुळे चहापासून गुरांपर्यंत सगळं याच पाण्यावर. या बोअरमध्ये मिथेन वायू साठला होता. मोटर सुरू होताना उडालेली एखादी ठिणगी पुरली असणार.

"हे गॅसविहिरी खणणाऱ्या कॅबॉट कंपनीचं काम," शेजारी उभा असलेला एकजण म्हणतो. दुसरा लगेच उसळतो, "मिथेन इथे आजोबांच्या काळापासून आहे!"

दुसऱ्याचं म्हणणं थापेबाजी नाही. काळाची कळ उलटी फिरवा आणि याच काउंटीतल्या सॉल्ट स्प्रिंगपाशी उतरा. एकोणिसावं शतक आहे, इथे गॅसविहिरींचं नाव नाही. खारट झऱ्यातून बुडबुडे वर येताहेत, आणि हा वायू पेटतो.

म्हणजे पुरावा दोघांच्याही खिशात. आता पुढे या, सप्टेंबर २०१० मध्ये. सीमेपलीकडे न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनचं फोरम थिएटर. फ्रॅकिंगचा, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडत गॅस काढण्याचा, पिण्याच्या पाण्यावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास कसा करावा हे ठरवायला केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, जनसुनावणी लावली आहे. बाहेर दोन्ही बाजूंचे फलक आणि घोषणा. आत प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं. नळातून आलेल्या पाण्याला काडी लावल्यावर भडका उडतो, हे 'गॅसलँड' या माहितीपटाने याच वर्षी देशभर दाखवलंय, त्यामुळे सभागृहातली हवाही तशीच आहे.

एक दूधवाला शेतकरी माइकपाशी येतो. दुधाचे भाव पडलेत, कर थकलेत. सीमेपलीकडचे लोक गॅसच्या पैशावर ट्रॅक्टर घेताहेत आणि आम्ही बघत बसायचं का, असं विचारतो. तुम्ही शहरातून आला असाल तर त्याच्यावर नाक मुरडायचा मोह होईल. मुरडू नका, त्याचा हिशेब खरा आहे. त्याच्यानंतर एक बाई गढूळ पाण्याची बरणी उंच धरते. तिचीही दोन मिनिटं संपतात.

मग कंपन्यांची बाजू येते. वायू आहे मार्सेलस शेल या खडकात, मैलभर खोल. बोअर जाते जेमतेम काहीशे फूट. मधे एवढा खडक असताना खालच्या भेगा वर पोचतीलच कशा? रसायनं तर जेमतेम अर्धा टक्का, बाकी पाणी आणि वाळू. हे ऐकताना मनात गुणाकार करा. एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी लागतं. त्याचा अर्धा टक्का म्हणजे पाऊण लाख लिटर किंवा त्याहून जास्त. शिवाय काही पाणी परत वर येतं, तेव्हा खालचं मीठ, बेरियम, रेडियम सोबत घेऊन येतं.

माझं मत विचाराल तर या सभागृहात भांडण चाललंय ते चुकीच्या खोलीवर. मैलभर खालच्या भेगा थेट वर येणं अवघड, हे कंपन्यांचं म्हणणं बरंचसं खरं. पण गॅसविहीर वरून खाली जाताना बोअरच्या पाण्याचे थर भेदूनच जाते. तिच्या पोलादी केसिंगभोवती भरलेलं सिमेंट नीट बसलं नाही, तर मधल्या थरांतला वायू त्या फटीतून वर चढतो. डिमॉकमध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने कॅबॉटवर ठेवलेला ठपका सदोष विहिरींचाच होता. मे २०११ मध्ये ड्यूक विद्यापीठाचा अभ्यासही येईल. गॅसविहिरींपासून एक किलोमीटरच्या आतल्या बोअरमध्ये मिथेन दूरच्या बोअरपेक्षा सरासरी १७ पट, पण फ्रॅकिंगच्या द्रावणाचा मागमूस नाही. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचं अर्धं वाक्य कापून घेतील. आणि प्रश्न तिथेच राहील: विहिरी खणण्याआधी या पाण्यात काय होतं?

तेवढ्यासाठी २००६ मध्ये जा. रिकाम्या बाटल्या न्या.

डिमॉकच्या एका स्वयंपाकघरात कंपनीचा माणूस भाडेकराराचे कागद टेबलावर पसरून बसलाय. एकरी २५ डॉलर आणि विकलेल्या गॅसवर साडेबारा टक्के. घरमालक पेन शोधतोय. तुम्ही म्हणता, "सही करा, पण आधी पाण्याचा नमुना घेऊ द्या." तो हसतो. "पाणी चांगलं आहे. तपासायचं कशाला?" प्रयोगशाळेचे शेकडो डॉलर कोण भरणार, तेही कुठे लिहिलेलं नाही. तरी तुम्ही बादली भरता, बाटली पाण्यात पूर्ण बुडवता आणि बुडालेली असतानाच झाकण फिरवता. हवेचा एक बुडबुडा जरी आत राहिला, तरी विरघळलेला मिथेन पाण्यातून निसटून त्यात जातो. मग बाटली बर्फात. एवढंच काम आहे, पण ते घरोघर कुणी केलं नाही.

पुढचं भराभर बघा. जानेवारी २०१२ मध्ये ईपीए डिमॉकच्या चार घरांना पाणी पुरवते, साठेक बोअर तपासते आणि जुलैत म्हणते, आणखी काही करायची गरज नाही. १७ डिसेंबर २०१४ ला न्यूयॉर्क राज्य फ्रॅकिंगवर बंदी जाहीर करतं. बिंगहॅम्टनच्या त्या शेतकऱ्याचा गॅस जमिनीतच राहतो. ईपीएच्या त्या अभ्यासाच्या २०१५ च्या मसुद्यात, पाण्यावर व्यापक परिणाम झाल्याचा पुरावा नाही, असं वाक्य असतं. स्वतःच्याच विज्ञान सल्लागारांनी आक्षेप घेतल्यावर डिसेंबर २०१६ च्या अंतिम अहवालातून ते गाळलं जातं. विहिरीच्या आधीचं आणि नंतरचं पाणी ताडून पाहायचं असंही या अभ्यासाच्या आराखड्यात होतं. ते शेवटपर्यंत झालंच नाही.

शेवटचा मुक्काम माँट्रोज, काउंटीचं कोर्ट, २९ नोव्हेंबर २०२२. कॅबॉटचं नाव आता कोटेरा. पाणी दूषित केल्याच्या खटल्यात कंपनी गुन्हा कबूलही करत नाही आणि आरोपाला विरोधही करत नाही. डिमॉकला नळाचं पाणी आणायला १ कोटी ६२ लाख ९० हजार डॉलर द्यायचं ठरतं. त्याच दिवशी राज्याचं पर्यावरण खातं कंपनीशी वेगळा करार करतं: डिमॉकच्या, २०१० पासून ड्रिलिंगला बंदी असलेल्या पट्ट्याखाली बाहेरून आडवं ड्रिलिंग करायला मोकळीक. हे कळल्यावर गावातले काही जण संतापतात. ज्यांचे भाडेकरार बारा वर्षं पडून होते, ते विचारतात, चेक कधी येणार?