फियाट की अँबेसेडर?

आमच्या पिढीतल्या मराठी माणसांचा हा कायमचा वाद. इथल्या गेट-टुगेदरमध्ये जुन्या गाड्यांचा विषय निघाला, की आजही दोन तट पडतात! म्हणून म्हटलं, थोडा इतिहास उजळावा.

फियाट आपली, मुंबईची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. 1950 च्या दशकातल्या तिच्या थोरल्या बहिणीला आपण प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणायचो. 1964 मध्ये 1100 डिलाईट आली आणि 1970 च्या दशकात तिचंच नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. अँबेसेडर बिर्लांची, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची. मूळ इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड.

फियाटचं इंजिन 1089 सीसी, अँबेसेडरचं 1489. पण फियाट अंगाने हलकी, त्यामुळे शहरात चपळ. गिरगावच्या गल्लीत वळवावी तर फियाटच! अँबेसेडरचं स्टिअरिंग म्हणजे दंडाचा व्यायाम. मात्र खेड्यातल्या खड्ड्यांत तिचे पाटे कुरकुर न करता सहा-सात माणसं आणि टपावरचं सामान वाहून नेत. घाटात दोघींचंही पाणी उकळायचं, म्हणून पाण्याचा डबा डिकीत हवाच.

देखभालीत दोघी सारख्याच गुणी. कार्ब्युरेटर, पॉईंट, प्लग साफ करायला कोपऱ्यावरचा मिस्त्री पुरे. पार्ट कुठेही मिळत. पण हात मात्र सारखा लावावा लागे. 'हॉर्न सोडून सगळं वाजतं' हा विनोद उगाच नव्हता.

मग इतकी वर्षं त्या बदलल्या का नाहीत? कारण लायसन्स-परमिटचं राज्य. किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवायचं आणि गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. गिऱ्हाईक हातातलंच, मग सुधारणा कशाला? डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि दोघींचं वय एकदम दिसू लागलं. अँबेसेडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली.

माझं मत विचाराल, तर शहरासाठी फियाट, लांबच्या प्रवासाला अँबेसेडर. पण एक खरं सांगू? ज्याला आपण निष्ठा म्हणतो, त्यात निम्मी तरी नाइलाजाची होती. उरलेली निम्मी मात्र अस्सल! ती आपण स्वतः पान्हा हातात धरून कमावलेली.