बिबट्या दिसला म्हणजे हल्ला झाला असे नव्हे

२० फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे ठाण्यातील कोरम मॉलच्या आवारात एक बिबट्या शिरला. सीसीटीव्हीच्या चित्रीकरणात तो दिसला आणि काही वेळातच ती बातमी शहरभर पसरली. पुढे समतानगर परिसरातील एका हॉटेलच्या आवारातून त्याला बेशुद्ध करून ताब्यात घेण्यात आले. २४ नोव्हेंबर २०२२ रोजी कल्याण पूर्वेला चिंचपाडा भागातील एका निवासी इमारतीत बिबट्या शिरला, तेव्हा काही जण जखमी झाले आणि वन कर्मचाऱ्यांना तासन् तास झुंजावे लागले. अशा प्रत्येक प्रसंगानंतर नागरिकांची एकच मागणी असते: पिंजरा लावा आणि बिबट्याला दूर जंगलात नेऊन सोडा. ही मागणी स्वाभाविक असली तरी महाराष्ट्रातील अनुभव मात्र वेगळेच सांगतो.

शहराला लागून असलेले जंगल

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. ते मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरले असून येऊरचे जंगल हा त्याचाच ठाण्याकडील भाग होय. उपवन, वर्तकनगर, मानपाडा आणि घोडबंदर रस्त्यावरील कित्येक वसाहती या जंगलाला अगदी खेटून उभ्या आहेत. कल्याण-बदलापूरच्या बाजूला मलंगगड ते माथेरानचे डोंगर आहेत. कॅमेरा ट्रॅपच्या साहाय्याने झालेल्या पाहणीत उद्यान व लगतच्या परिसरात २०१५ मध्ये ३५, तर २०१८ मध्ये ४७ बिबटे नोंदले गेले. इतके बिबटे शेजारी असूनही बहुतेक ठाणेकरांनी आयुष्यात एकही बिबट्या पाहिलेला नाही. तो रात्री वावरतो आणि माणसाला टाळतो, हेच त्याचे कारण.

वस्तीकडे त्याला ओढून आणते ते भक्ष्य. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात उसाच्या शेतांत राहणाऱ्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या खाद्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा, ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. जेथे उघडा कचरा तेथे भटकी कुत्री आणि जेथे कुत्री तेथे बिबट्या, अशी ही साखळी आहे. त्यामुळे बिबट्याचा प्रश्न हा काही अंशी कचरापेटीचाही प्रश्न ठरतो.

जुन्नरचा धडा

पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. वन्यजीव संशोधक डॉ. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी या मोहिमेच्या परिणामांचा अभ्यास केला. त्यापूर्वी माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला ४ होती, ती नंतर १७ वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, परतीची वाट शोधते आणि वाटेत वस्त्यांमधून जाते. इकडे त्याची रिकामी झालेली हद्द दुसरा बिबट्या काबीज करतो. म्हणजे पिंजऱ्याने प्रश्न सुटत नाही, फक्त त्याची जागा बदलते.

'आजोबा' या नावाने प्रसिद्ध झालेल्या बिबट्याची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या या बिबट्याला २००९ मध्ये बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. तेथून सुमारे १२० किलोमीटर चालत तो थेट संजय गांधी उद्यानात पोहोचला. वाटेत अनेक वस्त्यांजवळून तो गेला, पण त्याने माणसाच्या वाटेला जाणे टाळले. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. याच बिबट्यावर २०१४ मध्ये 'आजोबा' हा मराठी चित्रपट आला.

शिकवण जुनी आणि नवी

उद्यानाच्या परिसरात २००२ ते २००४ या काळात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले. त्या अनुभवातून २०११ मध्ये वन खात्याने संशोधक व स्वयंसेवकांच्या साथीने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. शाळा, गृहसंकुले, आदिवासी पाडे येथे बैठका झाल्या. पोलीस आणि पत्रकारांशीही संवाद साधण्यात आला, कारण गर्दी आवरणारे पोलीस आणि मथळा देणारे पत्रकार हे दोघेही अशा प्रसंगाचा शेवट बदलू शकतात.

डोंगरातील वारली समाजाला ही शिकवण नवी नाही. वाघ आणि बिबट्या या दोघांनाही 'वाघोबा' मानून त्याची पूजा करण्याची परंपरा आजही टिकून आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची १५० हून अधिक ठाणी नोंदवली गेली. या श्रद्धेमुळे हल्ले थांबतात असे नाही. मात्र जनावराचाही या भूमीवर वाटा आहे, ही जाणीव तिच्यामुळे टिकून राहते.

धोका मुळीच नाही, असेही म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये आरे वसाहतीत लागोपाठ हल्ले झाले आणि २०२२ मध्ये तेथेच एका चिमुकलीचा बळी गेला. म्हणूनच भीती आणि बेफिकिरी या दोन्हींपेक्षा माहिती अधिक उपयोगाची.

काय करावे, काय टाळावे

* वसाहतीच्या आवारात कचरा उघडा ठेवू नये, भटक्या कुत्र्यांना जंगलाच्या कडेला खाऊ घालू नये.
* अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे सोडू नये. खाली बसलेले किंवा वाकलेले माणूस बिबट्याला लहान जनावरासारखे भासू शकते.
* जंगलालगतच्या रस्त्याने रात्री जाताना बॅटरी जवळ ठेवावी, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चालावे.
* बिबट्या दिसल्यास पळू नये, त्याला घेरू नये, दगड मारू नये. त्याला निघून जाण्यास वाट मोकळी ठेवावी.
* तो इमारतीत अडकल्यास गर्दी न करता दारे बंद करून घरात थांबावे आणि वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

बिबट्या हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडायचे झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. तो नुसता दिसला, एवढ्यावरून पिंजरा लावता येत नाही. येऊरच्या पायथ्याशी घर घेणाऱ्याला जंगलाची हिरवाई मिळते, तसा हा शेजारीही मिळतो. त्याच्याशी कसे वागायचे हे गृहसंकुलाच्या पहिल्याच बैठकीत सांगितले गेले, तर पुढचे अनेक अनर्थ टळू शकतील.