स्टेनलेस पोलादावरील हिरासदृश कार्बन लेप

प्लाझ्माच्या साहाय्याने धातूवर बसवलेला कार्बनाचा कठीण, काळपट, अस्फटिकी थर. कारखान्यांत याला ‘डीएलसी कोटिंग’ म्हणतात. जाडी बहुधा 1 ते 5 मायक्रॉन. त्यातील काही कार्बनबंध हिऱ्यातल्यासारखे, काही ग्रॅफाइटातल्यासारखे असतात. पहिल्यांमुळे काठिण्य येते, दुसऱ्यांमुळे घर्षण घटते. हायड्रोजनयुक्त लेपाचे काठिण्य साधारण 10 ते 30 गिगापास्कल, तर 304 जातीच्या पोलादाचे जेमतेम 2 च्या आसपास भरते.

जर्मनीत 1953 साली श्मेलेनमायर यांना ॲसिटिलीनमधील विद्युत् विसर्जनातून असा थर मिळाला. अमेरिकेत आयझेनबर्ग व शाबो यांनी 1971 मध्ये तो कार्बन आयनांच्या झोतातून बनवला आणि हिरासदृश हे नाव रूढ झाले.

वस्तू निर्वात कोठीत ठेवून प्रथम आर्गॉन आयनांच्या माऱ्याने पृष्ठभागावरील क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा काढतात. मग ॲसिटिलीन किंवा मिथेन सोडून, बहुधा 13.56 मेगाहर्ट्झच्या विद्युत् पुरवठ्याने, प्लाझ्मा पेटवतात. वस्तूवरील ऋण विभवामुळे आयन तिच्यावर जोराने आदळतात व थर घट्ट रचला जातो. तापमान साधारण 200 °से.च्या आसपास राहते, त्यामुळे पोलादाला आधी दिलेले पाणी सहसा उतरत नाही.

खरी अडचण लेप टिकवण्याची आहे. थरात मोठा अंतर्गत दाबताण असतो; शिवाय 304 पोलाद तापल्यावर लेपाच्या कित्येक पट प्रसरण पावते. म्हणून मध्ये क्रोमियम, टायटॅनियम किंवा सिलिकॉनयुक्त अस्तर देतात. तरीही खालचे पोलाद मऊ असेल, तर भार पडताच ते दबते आणि लेप फुटतो. यावर उपाय म्हणून आधी प्लाझ्मा नायट्रायडिंग (प्लाझ्मातून पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणे) करून पोलाद कठीण करतात. मात्र ते सुमारे 450 °से.च्या खालीच करावे लागते. त्यापुढे क्रोमियम नायट्राइड वेगळे होऊन पोलादाचा गंजरोध घटतो.

महाराष्ट्रात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लेसर व प्लाझ्मा तंत्रज्ञान विभागाने सूक्ष्मतरंग प्लाझ्मातून असे लेप तयार करून अभ्यासले आहेत. व्यावसायिक लेपन पुण्यात होते. अकोटसारख्या तालुक्याच्या गावी हा लेप पोहोचतो तो तयार मालातून: कॉमन रेल डिझेल इंजिनांचे इंधन फवारणारे भाग, दाढीची पाती. जिलेटने 1998 च्या ‘मॅक 3’ पात्यांच्या धारेवर तो वापरला.

सुमारे 350 °से.च्या वर हायड्रोजनयुक्त लेपाचे ग्रॅफाइटीकरण सुरू होते. इतक्या तापणाऱ्या जागी तो वापरू नये. यंत्राचा भाग लेपनासाठी धाडणाऱ्याने पोलादाची जात आणि त्यावरील उष्णोपचार कळवावेत, आणि काठिण्याच्या आकड्याआधी चिकटपणाच्या ओरखडा चाचणीचा निकाल मागावा.