पस्तिसाव्या हिश्शातला टी-७२

तोफेसह साडेनऊ मीटरच्या आसपास लांबी असलेला टी-७२ रणगाडा १:३५ या प्रमाणात उतरवला की अवघा २७ सेंटिमीटरचा होतो. शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडा आखूडच. सोव्हिएत लष्करात १९७३ मध्ये दाखल झालेला आणि भारतीय सैन्यात 'अजेय' या नावाने ओळखला जाणारा हा रणगाडा जगभरातील प्रतिकृतिकारांच्या खास आवडीचा आहे.

१:३५ हे प्रमाण कोणत्याही अभियांत्रिकी नियमातून आलेले नाही. जपानच्या टामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी पँथर या जर्मन रणगाड्याचा मोटारवर चालणारा संच काढला. आत बॅटऱ्या बसाव्यात, या हिशेबाने त्याचा आकार ठरला. संच लोकप्रिय झाला आणि तेच माप पुढे इतर उत्पादकांनीही उचलले.

संचातील भाग पॉलिस्टायरीनच्या चौकटींना जोडलेले असतात. ते हाताने मोडून न काढता कटरने कापावेत आणि उरलेला खुंट पॉलिश पेपरने घासावा. यासाठीचा पातळ सिमेंट हा रूढ अर्थाने गोंद नव्हे. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन भाग एकजीव होतात. त्याची वाफ घातक असल्याने खिडकी उघडी ठेवणे आवश्यक. लहान मुलांनी हे काम एकट्याने करू नये.

टी-७२चा टरेट, म्हणजे वरचा फिरता बुरूज, ओतीव पोलादाचा असतो. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. संचातील बुरूज मात्र अनेकदा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत असतो. त्यावर सिमेंट लावून प्लॅस्टिक मऊ झाल्यावर जुन्या ताठ ब्रशने टिपले की अपेक्षित खडबडीतपणा येतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ पासून असलेल्या रणगाडा संग्रहालयात खरे पोलाद जवळून पाहता येते. छायाचित्रांपेक्षा ते पाहणे अधिक उपयोगी ठरते.

रंगकामाला प्रायमरपासून सुरुवात होते. त्यानंतरचा हिरवा रंग डब्यात असतो तसाच वापरला, तर छोट्या प्रतिकृतीवर तो काळपट दिसतो. म्हणून थोडा फिका करून घेतात. थर पातळच हवेत. रंगाचा दशांश मिलिमीटरचा थर या प्रमाणात साडेतीन मिलिमीटरचा ठरतो आणि बारीक नक्षी बुजून जाते. क्रमांक व चिन्हे चिकटवण्याआधी चकचकीत व्हार्निश द्यावे, अन्यथा त्यांच्याखाली हवा अडकून रुपेरी डाग दिसतात. नंतर पातळ केलेला गडद तपकिरी ऑइल रंग खाचांमधून सोडतात.

खरा वाद असतो तो जुनेपणा दाखवण्याबाबत. प्रदर्शनांतून दिसणारे अनेक रणगाडे भंगारातून आणल्यासारखे गंजलेले असतात. ते नजरेत भरतात, पण खरे वाटत नाहीत. सेवेत असलेल्या रणगाड्याची नियमित देखभाल होते, त्याचे पोलाद असे गंजून सोडले जात नाही. रंग उडतो तो सैनिक जिथे पाय ठेवून चढतात तिथे आणि झाकणांच्या कडांना. तिथेही चंदेरी नव्हे, तर गडद तपकिरी छटा हवी. साखळपट्ट्यांचा जमिनीला घासणारा भाग तेवढा चकाकतो. टी-७२चे धुराडे डाव्या बाजूला मागे असते. त्यामुळे काजळी त्याच बाजूला दाखवावी. दोन्ही बाजूंना सारखी काजळी दिसली, की जाणकार लगेच ओळखतात.

धूळ रंगद्रव्याच्या कोरड्या भुकटीची, चाकांपाशी अधिक आणि बुरुजावर विरळ. मातीचा एक मिलिमीटरचा खडा इथे साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो, त्यामुळे अंगणातली माती चाळल्याशिवाय वापरू नये. ऑइल रंग पुरता वाळायला काही दिवस लागतात. तोवर शेवटचे मॅट व्हार्निश हाती घेऊ नये.